काळजीला वेळ ठरवून द्या

‘काळजी करू नकोस’ हा सल्ला फुकट मिळतो आणि त्याचा उपयोगही तेवढाच होतो. विचार दाबायला गेलं की तो आणखी वर येतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून पाहिलं, तर अस्वल डोक्यातून जाईचना. त्याआधी १९८३ मध्येच मानसशास्त्रज्ञ टॉम बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी दुसरी वाट काढली होती: काळजी थांबवायची नाही, पुढे ढकलायची. रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी.

यामागचं कारण साधं आहे. लोकल, ओटा, अंथरूण, जिथे काळजी करत बसाल तिथे ती चिकटते. मग नुसतं आडवं झालं तरी डोकं सुरू होतं. तिला एका खुर्चीशी बांधली की बाकीच्या जागा हळूहळू सुटतात.

वेळ संध्याकाळची घ्या, समजा सहा ते साडेसहा. झोपायच्या आधीचे दोन तास नकोत. जागा थोडी अवघडच बरी. पलंग आणि सोफा बाद. वन रूम किचनमध्ये असा कोपरा मिळत नाही, तेव्हा जिन्याची पायरी किंवा सोसायटीतला बाक चालेल. खिशात मावेल अशी वही ठेवा. मोबाइलमध्ये लिहू नका. नोंद करायला उघडलेला मोबाइल व्हॉट्सअॅपवर जाऊन थांबतो.

दिवसभरात काळजी आली की तिला ओळखा. ‘असं झालं तर?’ अशीच तिची सुरुवात असते. वहीत दोन-तीन शब्द टाका: ‘आईचा रिपोर्ट’, ‘घराचा हप्ता’. त्याहून जास्त लिहिलंत तर तिथेच काळजीला बसलात. मग ‘हे सहा वाजता’ असं म्हणून हातातल्या कामाकडे वळा. भांडी घासत असाल तर पाण्याचा गारवा, पुढचं पातेलं. ती परत येईल, पहिल्या दिवशी तर चाळीसदा येईल. तेवढ्या वेळा परत पाठवायची, चिडायचं नाही. मात्र आजच शेवटची तारीख असलेलं बिल किंवा छातीत दुखणं या गोष्टी वहीत टाकायच्या नसतात, लगेच हलायचं असतं.

सहा वाजता तीस मिनिटांचा गजर लावा आणि यादी वाचा. काही नोंदी एव्हाना विरलेल्या असतात, त्या खोडा. उरलेल्यांचे दोन ढीग करा.

ज्यात आपण काही करू शकतो, त्यापुढे एकच पाऊल लिहा, दिवस-वेळेसकट. ‘पैशाचं बघायला हवं’ हे पाऊल नव्हे. ‘गुरुवारी दहा वाजता बँकेत फोन करून हप्त्याची तारीख बदलता येते का विचारणे’ हे पाऊल.

जी नुसती जर-तरची काळजी आहे, ती मात्र मनसोक्त करा. सगळ्यात वाईट काय होईल, बहुधा काय होईल, झालंच तर पहिल्या दिवशी मी काय करेन, हे तिन्ही कागदावर उतरवा. मनातल्या मनात केलं तर तोच विचार गोल गोल फिरतो. यादी लवकर संपली तर वेळ ओढूनताणून भरू नका. गजर वाजला की वाक्य अर्धवट सोडून उठा आणि कुकर लावा.

हमखास फसतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी. ‘आज बरं वाटतंय’ म्हणून बैठक चुकवली जाते आणि मग ‘सहा वाजता’ या आश्वासनावर मनाचा विश्वास राहत नाही. निदान महिनाभर चुकवू नका.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडाली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर वहीवर विसंबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर २४ तास बोलता येतं, मराठीतही.

रात्री तीनला जाग आली तर? वही उशाशीच असू द्या. मंद उजेडात एक ओळ, ‘उद्या सहा’. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून दुसरीकडे बसा, डोळे जड झाले की परत या. काळजीच्या त्या खुर्चीवर मात्र बसू नका.