ड्रम कोर बघायला येताय? आधी भांडण समजून घ्या

ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला आमच्याकडे जो पाहुणा येतो, त्याला मी लुकस ऑइल स्टेडियमवर नेते. ड्रम कोर म्हणजे मैदानावर चालत, धावत वाजवणारं पथक. या पथकांची स्पर्धा भरवणाऱ्या ड्रम कोर इंटरनॅशनलची, म्हणजे डीसीआयची फायनल २००९ पासून इथेच होते. पाहुणा पहिले दोन खेळ बघून हरखतो. तेवढ्यात मागच्या रांगेतले कुणीतरी आजोबा म्हणतात, "याला ड्रम कोर म्हणतात होय?" पाहुणा माझ्याकडे बघतो. मैदानात चूक तर कुठेच दिसली नव्हती, मग आजोबा चिडले कशावर? दरवर्षी तेच समजावून सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

आधी उच्चार. इंग्रजीत शेवटी पी आणि एस असतात, ते दोन्ही गिळायचे. नुसतं 'कोर'. एका कोरमध्ये दीडशेच्या आसपास पोरं-पोरी, विशीच्या आतबाहेरची. पितळी वाद्यं, ड्रम, आणि निशाणं-रायफली उडवणारा कलर गार्ड. सनई-क्लॅरिनेटच्या जातीचं काही नाही. सगळा उन्हाळा बसने फिरायचं, शाळांच्या जिमच्या फरशीवर झोपायचं आणि दहा-बारा मिनिटांचा एकच खेळ रोज घासायचा. माझी लेक दोन उन्हाळे मेलोफोन (फ्रेंच हॉर्नच्या जातीचं पितळी वाद्य) घेऊन यात होती आणि मी त्यांच्या स्वयंपाकाच्या ट्रकवर पोत्यांनी कांदा चिरलाय. त्याआधी पुण्यात सात वर्षं पथकात ताशा. एवढ्या भांडवलावर बोलते.

स्टेडियमवर थेट आत जाऊ नका. दोन तास आधी या आणि बाहेर जिथे कोर वॉर्मअप करतात तिथे जा. याला 'लॉट' म्हणतात. ड्रमलाइन अर्धवर्तुळात उभी असते, तुम्ही पाच फुटांवर. स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम, वाजवणारी आठ-नऊ पोरं, पण काठ्या एकाच उंचीवर उठतात आणि आवाज एकाच्याच वाजवण्यासारखा येतो. इथे माइक नाही, स्पीकर नाही, कथा नाही. इथे भांडणही नाही. म्हातारे आणि शाळकरी पोरं शेजारी शेजारी माना डोलावत असतात. हा आवाज कानात साठवून मगच आत जा, म्हणजे आतली तक्रार कळेल.

आत वरची जागा घ्या, पन्नास यार्डांच्या रेषेच्या, म्हणजे मैदानाच्या मध्याच्या जवळपास. पुढच्या रांगेतून फक्त गुडघे दिसतात. वरून दिसतं ते ड्रिल: माणसांनी काढलेली आणि मोडलेली रांगोळी. जुन्या हिशेबाने पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. १९८३ पर्यंत ही रांगोळी बहुतेक सरळ रेषांची आणि दोन्ही बाजूंना सारखी असायची. मग न्यू जर्सीच्या गारफिल्ड कॅडेट्ससाठी जॉर्ज झिंगाली यांनी वळणं, नागमोड आणि एकमेकांतून धावत जाणाऱ्या आकृत्या आणल्या, आणि १९८३, ८४, ८५ असं सलग तीनदा ते जिंकले. त्याच सुमाराला गुण देण्याची पद्धतही बदलली. आधी परीक्षक चूक दिसली की दशांश गुण कापायचे, त्याला 'टिक' म्हणत. १९८४ पासून टिक गेली. चुकीला शिक्षा मोठी असते तेव्हा कुणी धावत नाही. हे एवढं लक्षात घेतलंत की पुढचा अर्धा इतिहास आपोआप उलगडतो.

आता मागच्या आजोबांकडे वळा आणि एकच प्रश्न विचारा: तुमचं शेवटचं वर्ष कोणतं? बाविशीला पोहोचलं की कोर सोडावा लागतो, त्याला 'एज-आउट' म्हणतात. माझा अनुभव असा की ज्याचं जे एज-आउट वर्ष, त्याच्या आगेमागे तीन-चार वर्षं त्याचं सुवर्णयुग. सत्तरीतला माणूस एका व्हॉल्व्हचे, म्हणजे स्वर बदलायला एकच कळ असलेले बिगुल आठवून हळहळेल. माजी सैनिकांच्या संघटनांनी गल्लीतल्या पोरांसाठी काढलेले ते कोर. १९७२ मध्ये विस्कॉन्सिनच्या व्हाइटवॉटरला डीसीआयची पहिली फायनल झाली, तीही त्या संघटनांच्या नियमांना कंटाळूनच. दोन व्हॉल्व्ह १९७७ ला आले, तीन १९९० ला. प्रत्येक वेळी 'आता संपलं' म्हणणारे होते. २००० साली 'जी' स्वराच्या बिगुलांची सक्ती उठली आणि शाळांच्या बँडमध्ये असतात तसे ट्रंपेट चालू लागले. कारण व्यवहाराचं होतं: पोरांच्या हाताला तेच वाद्य बसलेलं असतं, आणि वापरून झालं की शाळांना विकता येतं. पण जुन्या बिगुलांचा तो खरखरीत, छातीवर आदळणारा आवाज गेला हे खरंच. जुनं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका, मग हसा.

एकच भांडण नीट समजून घ्यायला वेळ असेल तर १९९३ घ्या. इथून तासाभरावरच्या ब्लूमिंग्टनचा स्टार ऑफ इंडियाना. वैद्यकीय उपकरणांच्या धंद्यातल्या बिल कुक यांनी उभा केलेला, त्यामुळे 'पैसेवाल्यांचा कोर' हा टोमणा पहिल्यापासून. १९९१ मध्ये ते जिंकले, प्रेक्षक खूश. दोन वर्षांनी त्यांनी बार्बर आणि बार्टोक या विसाव्या शतकातल्या संगीतकारांचं कोरडं, टोचणारं संगीत आणलं. टाळ्यांसाठी थांबणं नाही, ओळखीची चाल नाही, वाजवणारेच अंगाने नाचतायत. काही ठिकाणी चक्क हुर्यो उडाली. मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या फायनलला कॅडेट्सना ९७.४, स्टारला ९७.३. एका दशांशाने गेलं. त्यानंतर स्टारने स्पर्धाच सोडली. त्यांच्या रंगमंचावरच्या प्रयोगातून पुढे 'ब्लास्ट!' हे नाट्य उभं राहिलं आणि २००१ ला ब्रॉडवेवर टोनी पुरस्कार घेऊन गेलं. आज बघा, मैदानावरचा जवळपास प्रत्येक कोर अंगाने नाचतो. तो खेळ पहिल्यांदा बघताना मला कंटाळा आला होता, कबूल करते. तिसऱ्यांदा बघताना मी चहा गार केला. तुम्हीही दोनदा बघा. आधी कॅडेट्सचा, मग स्टारचा, मग पुन्हा स्टारचा, आवाज बंद करून.

२००४ ला माइक आले, २००९ ला सिंथेसायझर. इथे मात्र मी आजोबांच्या बाकावर बसते. माइकचा उपयोग काय केला, तर बोलणं! २००७ मध्ये कॅडेट्सनी खेळभर निवेदन ठेवलं. पोरं फुंकून फुंकून लालबुंद होतायत आणि स्पीकरमधून कुणीतरी आपल्याला आपल्या भावना समजावून सांगतंय. त्यावर लोक चिडले ते बरोबरच चिडले. सिंथचं दुखणं वेगळं. शंभर ट्यूबा एकदम वाजाव्यात तसा खालचा घोगरा गुरगुराट येतो, पण मैदानात मोजाल तर डझन-दीड डझन ट्यूबा. चाहते त्याला 'गू' म्हणतात. इंग्रजीत त्याचा अर्थ चिकट लगदा, पण शेजारी मराठी माणूस असला की मला हसू आवरत नाही. ओळखायची युक्ती सांगते: मोठा स्वर संपताना पोरांचे हात बघा. बिगुल तोंडावरून खाली आले तरी तुमची खुर्ची थरथरत असेल तर तो गू. लुकस ऑइलच्या छताखाली तो आणखी घुमतो.

उलट बाजूही दाखवते. ओहायोतल्या कँटनचे ब्लूकोट्स, २०१४. शेवटी सगळा कोर आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळून स्वर वाकवतात, जणू स्टेडियमच तिरकं झालंय. हे स्पीकरशिवाय झालंच नसतं. त्यात ते दुसरे आले. दोन वर्षांनी मैदानात मांडलेल्या उतारांवर घसरत, डोक्यावर टोपी न घालता पहिल्यांदा जिंकले. तेव्हापासून लष्करी उंच टोपी, जिला शाको म्हणतात, ती बघता बघता दिसेनाशी झाली आणि दरवर्षी खेळागणिक नवे कपडे आले. लेक म्हणते, लोकरी कोटात तू धावून दाखव. कांदे चिरणाऱ्या आईपाशी याला उत्तर नव्हतं.

गुण शंभरांपैकी: खेळाच्या एकूण परिणामाला ४०, दृश्याला ३०, संगीताला ३०. भांडण बहुतेक त्या ४० चं असतं. कॅलिफोर्नियाचे ब्लू डेव्हिल्स विसाहून जास्त वेळा जिंकलेत. २०१२ मध्ये त्यांनी दादावादावर, म्हणजे अर्थ-तर्कच झुगारणाऱ्या युरोपातल्या जुन्या कलाचळवळीवर खेळ केला, तो मला आजही पुरता कळलेला नाही. पण त्यातलं वाजवणं ऐकून गुण कुठून आले ते कळतं. 'मला कळलं नाही' आणि 'वाईट होतं' या दोन तक्रारी वेगळ्या ठेवा. आमच्या पथकात ढोलावर सिनेमातल्या गाण्याची चाल बसवली तेव्हा दोघं जुने वादक टिपरू खाली ठेवून चहाला गेले होते. त्यांना कळलं नव्हतं असं मुळीच नाही.

वाद घालायचाच असेल तर कोणत्याही कोरच्या चाहत्यापुढे 'ही पोरं आता चालतच नाहीत' म्हणू नका, निदान त्याचं पोर मैदानात नाही याची खात्री करून घ्या. मी ते एकदा म्हणाले होते. शेजारच्या बाई मग फायनल संपेपर्यंत बोलल्या नाहीत.

एकच दिवस मिळणार असेल तर शनिवारच्या फायनलचा हट्ट सोडा आणि गुरुवारची प्राथमिक फेरी बघा. कोर जास्त, गर्दी कमी, जागा बदलून बसता येतं. शिवाय फायनलच्या पहिल्या बारा कोरांत न येणारे छोटे कोर असतात, त्यांच्याकडे उतार नि आरसे आणायला पैसे नसतात. त्यांच्यात अजून कधीतरी सगळी रांग खांद्याला खांदा लावून मैदानभर आडवी पसरते आणि वाजवत सरळ तुमच्या अंगावर चालत येते. याला 'कंपनी फ्रंट' म्हणतात. त्या वेळी आजोबांकडे बघा. आणि स्वेटर घ्या. बाहेर कितीही उकडत असलं तरी आत एसीने दात वाजतात.