जुनं घर नवं करताय? आधी ओल बघा, रंग नंतर

शेडकार्ड आत्ता बाजूला ठेवा, आधी भिंतींवर हात फिरवा, जिथे पोपडे आलेत किंवा हाताला गार लागतं तिथे ओल आहे आणि ती बरेचदा बाथरूमकडूनच येते. आमच्या दादरच्या घरात आईच्या कपाटामागे असंच निघालं, भिंतीतला जुना लोखंडी पाइप गंजून पार चाळणी झालेला. पाइप सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकचे, करून घ्या, वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावायच्या आधी बाथरूममध्ये ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या काकूंना छतावर लक्ष ठेवायला सांगा, प्लंबर घाई करेल पण ऐकू नका.

वायरिंगही तेव्हाच, एसी-गिझरला वेगळी लाइन आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) हवाच. सोसायटीची एनओसी आधी घ्या, बीम-कॉलमला हात नाही.

मोझॅकच्या लाद्या मात्र प्लीज उखडू नका, मशीनने घासून पॉलिश केल्या की काय सुंदर दिसतात, आणि आजीचं सागवानी कपाट पण भंगारात देऊ नका, जुना रंग खरवडून पॉलिश करा, असलं लाकूड आता घ्यायला गेलं तर परवडत नाही. रंग सगळ्यात शेवटी, भिंती पूर्ण सुकल्यावर, पावसाळ्यात तर नकोच.