होडी ट्रेलरवरून सुटत नाही? गाडी आणखी खोल नेण्याआधी या चुका टाळा

१४ फुटी फायबरची होडी, मागे १५ हॉर्सपॉवरची आउटबोर्ड मोटर. खाडीच्या उतारावर ट्रेलर पाण्यात घातला, तिघाचौघांनी जोर लावला, तरी होडी जागची हलत नाही. अशा वेळी एकच आरोळी ऐकू येते, "गाडी अजून मागे घे!" मग गाडीची मागची चाकं शेवाळावर जातात, सायलेन्सर पाण्यात बुडतो आणि होडी सुटलीच तर एकदम सुटून आडवी होते. माझं ठाम मत आहे की बहुतेक वेळा दोष पाण्याच्या खोलीचा नसतो. होडी आणि ट्रेलर यांच्यातलं घर्षण नडत असतं, आणि ते घरी, अंगणातच कमी करता येतं.

न फिरणारे रोलर

ट्रेलर रिकामा असताना, होडी ज्यांवरून सरकते तो प्रत्येक रोलर हाताने फिरवून पाहा. खाऱ्या पाण्यात एक हंगाम काढलेल्या ट्रेलरचे निम्मेअधिक रोलर गंजाने दांड्याला धरलेले सापडतात. असा रोलर म्हणजे होडीखाली लावलेला रबरी ब्रेकच. शिवाय होडी महिनोन् महिने एकाच जागी टेकून राहिली की रबर त्या जागी चपटं होतं, उन्हाने कडक होतं, तडकतं.

पिन काढा, दांडा बाहेर घ्या, गंज घासून काढा आणि पाण्याने धुऊन न जाणारं मरीन ग्रीस भरा. दांडा खड्डे पडून झिजला असेल तर गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचा नवा घाला. चपटे झालेले रोलर बदलायचेच असतील तर पॉलियुरेथेनचे घ्या. ते उन्हात जास्त टिकतात आणि होडीच्या बुडाला काळे डाग पाडत नाहीत. पैसे एकाच रोलरपुरते असतील तर अगदी मागचा बदला. होडी उतरताना आणि चढताना सगळ्यात जास्त भार त्याच्यावर येतो.

काही ट्रेलरवर रोलरऐवजी कार्पेट ठोकलेल्या लाकडी पट्ट्या असतात. त्या कार्पेटमध्ये वाळू अडकते, होडी घासली जाते आणि सरकतही नाही. यावर जुनं इंजिन ऑइल चोपडणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका. तेलाचा तवंग थेट खाडीत जातो आणि उतारावर सांडलेल्या तेलावरून पुढचा माणूस घसरतो. कार्पेट धुऊन वाळवा, त्यावर सिलिकॉन स्प्रे मारा, किंवा कार्पेट काढून गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या स्क्रूने बसवा. स्क्रूची डोकी पट्टीच्या आत बुडलेली हवीत, नाहीतर ती होडीच्या बुडावर रेघा ओढतील.

घर्षण कमी केल्यावर होणारी चूक

रोलर मोकळे झाले, पट्ट्या गुळगुळीत झाल्या, म्हणजे होडी आता स्वतःच्या वजनाने घसरू शकते. पूर्वी उताराच्या माथ्यावरच विंचचा (होडी ओढून धरणाऱ्या, हँडलने फिरवायच्या चरखीचा) पट्टा काढायची सवय असेल तर ती आजच सोडा. होडीचा मागचा भाग पाण्यावर येईपर्यंत नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, हूक आणि सेफ्टी चेन काढायची नाही. नाहीतर होडी काँक्रीटवर आपटते आणि मोटरचा पाय मोडतो. होडी ट्रेलरला बांधणारे मागचे आवळपट्टे मात्र वरच काढून ठेवा. ते राहिले तर होडी तरंगायला लागते आणि ट्रेलरलाही उचलते.

विंच सोडताना हँडल मोकळं फिरू देऊ नका. भार असलेल्या विंचचं हँडल सुटलं की मनगट मोडण्याइतक्या जोराने फिरतं. लहान मुलांना तिथून लांबच ठेवा.

पाणी न बघता निघणं

कोकणात हे विसरून चालत नाही. मुंबईच्या बाजूला उधाणाला पाणी ४ मीटरहून जास्त चढतं-उतरतं. दक्षिणेला मालवण-गोव्याकडे जावं तसा हा फरक कमी होतो. भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या दोन तासांत साधारण निम्मं पाणी सरकतं. म्हणजे ४ मीटरचा फरक असेल तर तासाला सुमारे १ मीटर. ८ मीटर लांबीत १ मीटर उतरणाऱ्या उतारावर तेवढ्या एका तासात पाण्याची कड ८ मीटर दूर जाते. जिथे सकाळी होडी सहज तरंगली, तिथे दुपारी चिखल आणि कालवं दिसतात.

होडी उतरवायला भरतीचा शेवटचा तास-दीड तास उत्तम. अडकलात तरी चढतं पाणी उचलून घेतं. ओहोटीत अडकलेली होडी पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. वेळेचा अंदाज तिथीवरून काढता येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. पण हा अंदाजच. निघण्यापूर्वी त्या ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळ पडताळून घ्या. परत येण्याच्या वेळचं पाणीही आधीच बघा, कारण पूर्ण ओहोटीला काँक्रीट जिथे संपतं त्या कडेवरून ट्रेलरचं चाक खाली गेलं तर गाडीच्या जोरावर ते वर येत नाही.

फेरीबोटीच्या रॅम्पवर परवानगी विचारल्याशिवाय उतरू नका. बोट धक्क्याला लागत असताना तुमचा ट्रेलर मध्ये आला तर दोन्हीकडच्या गाड्या आणि माणसं खोळंबतात.

तापलेली चाकं थेट पाण्यात

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून आलात की ट्रेलरची बेअरिंग तापलेली असतात. चाकाच्या मधला, बेअरिंग असलेला तो हब थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सील थोडं जरी सैल असलं तरी खारं पाणी आत ओढलं जातं. हबला हात लावून बघा. हात टिकत नसेल तर थांबा. थांबलेला वेळ वाया जात नाही. तेवढ्यात उताराच्या वर, बाजूला उभं राहून होडीच्या तळाचं बूच घट्ट लावा (हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं), होडीत साचलेलं पावसाचं पाणी त्याआधी काढून टाका, मोटर वर उचलून ठेवा, ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग काढा आणि नाळेला लांब दोर बांधा. पेट्रोलची टाकी, नांगर, पाण्याचे कॅन होडी तरंगल्यावर चढवा. उतरवताना जितकं वजन कमी, तितकं कमी पाणी पुरतं.

गाडी मागे घेताना

हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला ठेवा. ट्रेलरचं शेपूट जिकडे न्यायचं, तिकडेच हात न्यायचा. आखूड ट्रेलर फार पटकन वळतो, म्हणून हालचाल अगदी थोडी. रिकामा ट्रेलर आरशात दिसत नाही, त्यासाठी मागच्या दोन कोपऱ्यांवर पीव्हीसी पाइपचे उभे खांब लावा. परत येताना होडी मधोमध आणायलाही त्यांचाच उपयोग होतो. गाडी थांबली की हँडब्रेक ओढा आणि चाकामागे ओंडका लावा. उतार फारच सपाट असेल तर गाडी पाण्यात घालण्यापेक्षा मधे बिजागरी असलेला, मागे झुकणारा ट्रेलर पाहा. तो जवळजवळ कोरड्यावरूनच होडी सोडतो.

आणि होडी परत चढवताना मोटरचा पूर्ण जोर देऊन ट्रेलरवर घुसवू नका. पंख्याचा झोत काँक्रीटच्या टोकापलीकडची माती उकरतो आणि तिथे खड्डा तयार होतो. ओहोटीला ट्रेलर घेऊन आलेल्या माणसाचं चाक त्यातच जातं. विंच फिरवा, दोन मिनिटं जास्त लागू द्या.