फास्ट चार्जिंगचा अडॅप्टर घ्यायचा की नाही? आधी गाडीचं झाकण उघडून पाहा

इलेक्ट्रिक गाडी दारात आली की पहिल्या महिन्यात दोन गोष्टी ठरलेल्या. भेटेल तो "एका चार्जिंगमध्ये किती जाते हो?" असं विचारतो आणि मोबाइलवर अडॅप्टरच्या जाहिराती दिसायला लागतात. त्यात अमेरिकेतला भाचा फोनवर सांगतो, "मामा, अडॅप्टर घेऊन ठेवा, त्याशिवाय लांबचा प्रवास व्हायचा नाही."

भाच्याचं त्याच्यापुरतं खरं आहे. तिकडे बरीच वर्षं टेस्लाचं सॉकेट वेगळं आणि इतरांचं वेगळं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेस्लाने आपल्या सॉकेटची रचना सर्वांना खुली केली आणि फेब्रुवारी २०२४ पासून फोर्डच्या गाड्या अडॅप्टर लावून टेस्लाच्या चार्जरवर उभ्या राहू लागल्या. पण आपल्याकडे ती भानगडच नाही. २०२५ मध्ये मुंबईत आलेल्या टेस्लालासुद्धा इथलंच सॉकेट आहे. म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून खरेदी करू नका. खालच्या क्रमाने गेलात तर दहा मिनिटांत निकाल लागेल.

१. चार्जिंगचं झाकण उघडा आणि भोकं मोजा

वर सात भोकांचं गोल सॉकेट आणि त्याच्या खाली दोन जाड भोकं दिसली, तर ते सीसीएस-२. वरचा भाग घरच्या एसी विजेसाठी, खालची दोन भोकं फास्ट चार्जरच्या डीसी विजेसाठी. नेक्सॉन, टियागो, एक्सयूव्ही ४००, झेडएस, विंडसर या सगळ्यांना हेच असतं. हायवेवरच्या फास्ट चार्जरची केबल आणि गन (म्हणजे केबलच्या टोकाचा, गाडीत खुपसायचा प्लग) मशिनलाच जोडलेली असते. ती उचलायची आणि लावायची. तुम्हाला अडॅप्टर नको. खरं तर लेख इथेच थांबवला तरी दहांतल्या नऊ जणांचं काम झालं.

खालची दोन भोकं नसतील, फक्त वरचं गोल सॉकेट असेल, तर गाडी फक्त एसीवर चार्ज होते. एमजी कॉमेट अशी आहे. तिला डीसी फास्ट चार्जर कुठल्याही अडॅप्टरने चालणार नाही, कारण त्या विजेने बॅटरीपर्यंत जायची वाटच गाडीत ठेवलेली नाही. विकणारा काहीही म्हणो.

तिसरा प्रकार म्हणजे जुनी ई-व्हेरिटो किंवा टॅक्सी कंपन्यांसाठी निघालेली पहिली टिगोर इव्ही. सेकंडहँड बाजारात त्या स्वस्तात दिसतात आणि अडॅप्टरचा मोह सर्वांत जास्त इथेच होतो. त्यांचं सॉकेट जीबी/टी या चिनी जातीचं, १५ किलोवॅटच्या 'भारत डीसी-००१' चार्जरसाठी केलेलं. पण अडचण सॉकेटच्या आकाराची नाही, व्होल्टेजची आहे. या गाड्यांची बॅटरी ७२ व्होल्टची, तर हायवेवरचे सीसीएस-२ चार्जर सहसा दीडशे-दोनशे व्होल्टच्या खाली उतरतच नाहीत. उलट बाजूनेही तेच: नव्या गाडीची तीनशेच्या वरची बॅटरी त्या जुन्या चार्जरच्या आवाक्याबाहेर. अशी गाडी घेण्याआधी आपल्या वाटेवर चालू स्थितीतला डीसी-००१ चार्जर आहे का, हे स्वतः जाऊन बघा.

२. तक्रार सॉकेटची आहे की वेगाची?

अडॅप्टर फक्त आकार जुळवतो, वेग वाढवत नाही. घरची वीज एसी आणि बॅटरीला लागते डीसी. हा बदल गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो आणि त्याची मर्यादा ठरलेली असते, आपल्याकडे बहुधा ३.३ किंवा ७.२ किलोवॅट. मॉलमध्ये २२ किलोवॅटचा एसी पॉइंट मिळाला तरी ७.२ वाली गाडी ७.२ नेच घेणार.

२०२० ची नेक्सॉन घ्या. बॅटरी ३०.२ युनिटची. ३.३ किलोवॅटने रिकामी बॅटरी भरायला नऊ तासांच्या वर जातात. डीसीवर तासाभरात ८० टक्के, म्हणजे तासाला साधारण २४ युनिट. शेजारच्या मशिनवर ६० किलोवॅट लिहिलेलं असो वा १२०, ही गाडी तिच्याच पोटाने जेवते. तेव्हा 'पंधरा अँपिअरच्या प्लगवर फास्ट चार्जिंग' असं लिहिलेलं कुठलंही खोकं दिसलं तर पुढे सरका.

३. महिन्याचे किलोमीटर लिहून काढा

रोज चाळीस किलोमीटर म्हणजे सहा-सात युनिट. घरच्या प्लगवर दोन-अडीच तास. महिन्यातून एकदा पुणे-कोल्हापूर असेल तर वाटेतले चार्जर अॅपवर आधी बघून ठेवा, त्यातला एक बंद निघणार हे धरून. बस.

४. मग डिकीत काय असावं?

फास्ट चार्जिंगचा नाही, पण एक साधा अडॅप्टर खरोखर उपयोगी पडतो. सुरुवातीच्या 'भारत एसी-००१' पॉइंटवर कारखान्यात असतात तशी निळी गोल इंडस्ट्रियल सॉकेटं असतात. त्यात गाडीबरोबर मिळालेला तीन पिनांचा चार्जर बसत नाही. निळ्या प्लगवरून १६ अँपिअरच्या तीन पिनांच्या सॉकेटवर येणारा कन्व्हर्टर जवळ असला, की रात्रीचा मुक्काम वाया जात नाही. घेताना वायर तांब्याची आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची आहे ना, बघा. चार असेल तर उत्तम. पहिल्यांदा लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावा. कोमट ठीक, चटका बसला तर काढा. गाडीत करंट कमी करायची सोय असेल तर तो कमी करून पुन्हा बघा. कन्व्हर्टरला एक्स्टेन्शन बोर्ड आणि त्याला मल्टिप्लग अशी आगगाडी करू नका.

काही एसी पॉइंटवर नुसतं सॉकेट असतं, गन नसते. तुमच्या वाटेवर तसे असतील आणि गाडी ७.२ ची असेल तर दोन्ही टोकांना टाइप-२ (म्हणजे वर सांगितलेल्या सात भोकांच्या गोल सॉकेटचा प्लग) असलेली केबल घ्या. व्ही-टू-एलचा अडॅप्टर मात्र उलट्या कामाचा, गाडीतून मिक्सर-पंखा चालवायचा. चार्जिंगशी त्याचा संबंध नाही.

५. लाल दिवा लागला तर

गावच्या घरी चार्जर लावला की लाल दिवा लागतो आणि गाडी वीज घेत नाही. अडॅप्टर शोधायला लोक निघतात ते बहुतेक वेळा इथून. कारण सहसा एकच, घराचं अर्थिंग नीट नसतं. त्यावर 'डमी अर्थिंग'चे प्लग मिळतात. ते चार्जरला अर्थिंग आहे असं खोटंच भासवतात. दिवा हिरवा होतो, गाडी चार्जही होते, पण गळती झाली तर वीज जमिनीत न जाता गाडीच्या पत्र्यावर थांबते आणि तुम्ही अनवाणी दार उघडायला जाता. हा अडॅप्टर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.

त्याऐवजी वायरमनला बोलावून फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून घ्या. पहिलं २३० च्या आसपास आणि दुसरं दोन-चार व्होल्टच्या आत असायला हवं. नसेल तर अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्या. कोकणात जांभ्याच्या कातळावर घर असेल तर हा खर्च जरा जास्तच येतो, कारण जांभ्यातून वीज सहज जमिनीत जात नाही. गणपतीत गेलात तर जमीन ओली असते आणि बहुधा निभावतं. मे महिन्यात आंबे खायला जाणार असाल, तर निघायच्या दोन दिवस आधी काकांना फोन करून अर्थिंगच्या खड्ड्यात चार घागरी पाणी ओतायला सांगा.