झेंडू हिरवट का पडत होता
दसऱ्याचा उरलेला झेंडू पितळी तांब्यात खोचून ऑइलमध्ये रंगवायला बसलो, तर सावलीतल्या पाकळ्या चक्क शेवाळी दिसायला लागल्या. चूक माझीच. पिवळा गडद करायला मी काळा मिसळत होतो. आयव्हरी ब्लॅकमध्ये निळसर झाक असते, तो कॅडमियम यलोत गेला की हिरवट रंग होतो. ओला थर पॅलेट नाइफने खरवडला, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसला (खिडकी उघडून, नाहीतर डोकं धरतं). मग सावलीला यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अगदी खोल जागी ब्रशच्या टोकावर मावेल एवढाच अलिझरिन, म्हणजे गडद लाल. झेंडू पेटला! फुलं मात्र तिसऱ्या दिवशी माना टाकतात, म्हणून आता आधी तीच उरकतो. तांब्या कुठे पळून जातोय?