मुलाचा ताप जात नाहीये आणि डॉक्टर ईबीव्ही म्हणतायत, तर आधी मामाकडची चौकशी करा

पावसाळा संपता संपता इंदूरात घरोघरी ताप असतोच, डेंग्यू, टायफॉइड, आणि बहुतेक पोरं बरी होतात. पण ज्याचा ताप आठवडेच्या आठवडे येतोय-जातोय, मानेत गाठी, प्लीहा वाढलेली, प्लेटलेट्स खाली, त्याच्या आईबाबांनी हे नक्की वाचा.

ईबीव्ही म्हणजे एपस्टाइन-बार हा व्हायरस 1964 मध्ये सापडला, मोठेपणी तो जवळपास सगळ्यांच्याच अंगात असतो, पांढऱ्या पेशींतल्या बी पेशींत गप्प पडून. त्याला दाबून ठेवतात टी आणि एनके ह्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी. काही मुलांत जन्मतःच जीनमधल्या दोषामुळे ह्याच टी-एनके पेशींना व्हायरस असलेल्या पेशी मारता येत नाहीत, मग साधं इन्फेक्शन जिवावर उठतं.

म्हणून आईने आधी आजीला फोन लावायचा. एक्सएलपी नावाचा दोष आईकडून मुलाकडे येतो, मुली बहुतेक ठणठणीत राहतात. एखादा मामा, आजीचा भाऊ, मावशीचा मुलगा "लहानपणीच तापात गेला" असं कोणी सांगितलं की ते लिहून घ्या, कोणत्या वयात, कावीळ होती का, गाठी होत्या का. लोक अशा गोष्टी बोलत नाहीत हो, पण विचारा. आणि तुमचं लग्न नात्यात झालं असेल, मामेबहीण-आतेभाऊ वगैरे, तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका, कारण परफोरिनसारखे (टी-एनके पेशी ज्या प्रथिनाने मारतात, त्यातले) दोष आईबाबा दोघांकडून येतात.

तपासण्यांत सीबीसी, फेरिटिन, ट्रायग्लिसराइड, फायब्रिनोजेन आणि ईबीव्हीचा डीएनए पीसीआर विचारा, नुसत्या अँटीबॉडीवर थांबू नका, ह्या मुलांत ती फसवते. फेरिटिन 500 च्या वर गेलं म्हणून लगेच घाबरायचं नाही, डेंग्यूतही वाढतं, एचएलएच, म्हणजे प्रतिकारशक्ती बेफाम होऊन स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, म्हणायला एचएलएच-2004 च्या यादीतले 8 पैकी 5 निकष लागतात. टीबी, कालाआजार, लिम्फोमा नाही ना हेही बघून घ्यायला सांगा.

स्टेरॉइड किंवा आयव्हीआयजी (शिरेतून देतात त्या अँटीबॉडी) सुरू व्हायच्या आधी रक्त काढून ठेवता येईल का हे विचारा, नंतर रिपोर्ट गढूळ होतात, पण मूल सिरियस असेल तर त्यासाठी औषध अजिबात थांबवू नका. पेशींच्या टेस्टला ताजं रक्त लागतं, मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात एनआयआयएच ही रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांची सरकारी संस्था आहे, तिथे आधी फोन करून वेळ ठरवा मगच रात्रीची अवंतिका एक्सप्रेस पकडा.

एक प्रश्न मात्र कागदावर लिहूनच न्या: व्हायरस कोणत्या पेशीत आहे? बी पेशीत असेल तर रिटुक्सिमॅब ह्या बी पेशी मारणाऱ्या औषधाचा उपयोग होतो, टी किंवा एनकेमध्येच शिरला असेल तर त्याने भागत नाही.

लाइव्ह (जिवंत पण कमजोर केलेल्या जंतूंच्या) लसी तोवर थांबवायच्या का तेही विचारा. आणि बोनमॅरो ट्रान्सप्लांटचं बोलणं निघालं, भावाचा मॅच आला, तर आनंदात लगेच हो म्हणू नका, आधी त्या भावाची जीन टेस्ट करून घ्या, तोच दोष त्याच्यातही असू शकतो.