अपेंडिक्स काढलं, पण तपासणीपर्यंत नीट पोचलं का? या चुका टाळा

"काढून टाकलंय ना मॅडम, मग आता कशाला तपासायचं?" नातेवाइकांचा हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकतेय. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तालुक्याच्या दवाखान्यांतून ऑपरेशननंतरचे तुकडे आमच्या लॅबमध्ये येतात.

तपासायचं ते यासाठी, की टेबलावर लालबुंद दिसलेलं अपेंडिक्स आतून नुसतं सुजलेलंच असेल असं नाही. शंभरात एकापेक्षाही कमी वेळा, पण त्यात न्यूरोएंडोक्राइन गाठ (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ) निघते. ती बहुतेकदा टोकाशी असते, 1 सेंटिमीटरहूनही लहान, त्यामुळे सर्जनच्या हाताला लागत नाही. कधी क्षयाची शंका यावी अशा ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहक पेशींचे छोटे पुंजके, दिसतात, कधी म्यूसिन नावाचा चिकट स्राव तयार करणारी गाठ असते, लहान मुलांत कधी नुसते सूतकृमी. या प्रत्येकाचा पुढचा उपचार वेगळा आहे.

सगळ्यांत मोठं नुकसान होतं ते पहिल्या काही तासांत, तुकडा माझ्यापर्यंत येण्याआधीच. अपेंडिक्स ट्रेमध्ये बाहेर आणून नातेवाइकांना दाखवतात, ते मोबाइलवर फोटो काढतात. यात गैर काही नाही. पण तो ट्रे तसाच अर्धा दिवस खिडकीशी राहतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 च्या पुढे जातो. रक्तपुरवठा तुटलेल्या पेशी स्वतःच विरघळायला लागतात आणि उकाड्यात ते फार लवकर होतं. मग भिंगाखाली मला फक्त पेशींच्या सावल्या दिसतात. गेलेलं परत आणता येत नाही, दुसरा तुकडा काढायला दुसरं अपेंडिक्स नसतं. म्हणून दाखवून झालं की लगेच फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात, टाका.

फॉर्मॅलिनच मिळालं नाही म्हणून सलाइनमध्ये, स्पिरिटमध्ये, एकदा तर साध्या पाण्यात आलेलं अपेंडिक्स मी पाहिलंय. सलाइनमध्ये ऊतक टिकत नाही, ते फक्त ओलं राहतं. फ्रीझरमध्ये ठेवलं तर बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. आपल्याला हवं 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन. दुकानातून येणाऱ्या तीव्र द्रावणाचा 1 भाग, पाणी 9 भाग, आणि 1 लिटरमागे सोडियमचे दोन फॉस्फेट: मोनोबेसिक 4 ग्रॅम, डायबेसिक 6.5 ग्रॅम. हे क्षार वगळले की द्रावण आम्ल होतं आणि ऊतकावर तपकिरी-काळे कण बसतात, जे पाहणाऱ्याला फसवतात. तीव्र द्रावण तसंच ओतणं हीसुद्धा चूकच, कारण बाहेरचा थर कडक होतो आणि आतला कच्चा राहतो. द्रावण तुकड्याच्या आकारमानाच्या किमान 10 पट हवं. ते तासाला साधारण 1 मिलिमीटर आत शिरतं, म्हणून पातळ अपेंडिक्सलाही एक रात्र तरी द्यावी लागते. "आजच रिपोर्ट द्या" म्हणणाऱ्यांना मी हेच समजावून सांगते.

बाटलीचं तोंड रुंद असू द्या. सलाइनच्या अरुंद बाटलीत मऊ अपेंडिक्स सहज घसरतं, पण कडक झाल्यावर बाहेर येत नाही. मग बाटली कापावी लागते आणि त्यात तुकडा चिरडतो. नावाची चिठ्ठी झाकणावर लावू नका, झाकणं अदलाबदल होतात. बाटलीच्या अंगावर नाव, वय आणि नोंदणी क्रमांक लिहा. एकाच दिवशी दोन शिंदे, दोन पवार दाखल असतात, तिथं नुसतं आडनाव उपयोगाचं नाही.

आत काय आहे ते पाहण्यासाठी ऑपरेशन थिएटरमध्येच अपेंडिक्स उभं चिरू नका. बुंध्याशी, म्हणजे जिथून कापलं तिथं, आजार पोचलाय का हे मला पाहायचं असतं. बुंध्याला एक दोरा बांधून दिला तर मी मनापासून आभार मानीन. अर्धं एका लॅबला, अर्धं दुसऱ्या लॅबला पाठवणं तर साफ चूक. गाठ नेमकी ज्या अर्ध्यात असेल ते कुणाकडे गेलं?

क्षयाची शंका असेल तर मात्र छोटा भाग फॉर्मॅलिनऐवजी निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा पाठवायचा आणि तो तातडीनं. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, होत नाही. आणि फॉर्मवर फक्त "अपेंडिक्स" लिहून थांबू नका. दुखणं किती दिवसांचं, फुटलं होतं का, आधी क्षयाची औषधं झाली होती का, हे माझ्यासाठी भिंगाइतकंच मोलाचं आहे.

रिपोर्टमध्ये "लिम्फॉइड हायपरप्लेझिया" (लसिका पेशींची वाढ) आलं, सूज नाही आली, म्हणून ऑपरेशन उगाच केलं असं समजून डॉक्टरांशी भांडू नका. पोटदुखी खरीच होती. आणि "न्यूरोएंडोक्राइन" शब्द वाचून रात्रभर जागूही नका. 1 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला बहुधा झालेलं ऑपरेशनच पुरेसं ठरतं, 2 सेंटिमीटरच्या पुढे मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाचं ऑपरेशन करावं का, हा विचार होतो. मधल्यांसाठी सर्जन रिपोर्टचे बाकी तपशील पाहून ठरवतात.

मला सगळ्यांत जास्त छळतात ते न नेलेले रिपोर्ट. बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. टाके निघाले की माणूस कोयता उचलून कारखान्याच्या वाटेला लागतो आणि रिपोर्ट आमच्या कपाटात पडून राहतो. एकदा म्यूसिनस गाठीच्या रुग्णाचा शोध आम्ही तीन आठवडे घेत होतो, फॉर्मवरचा नंबर बंद. तेव्हापासून मी दोन नंबर मागते: एक रुग्णाचा, दुसरा गावातच राहणाऱ्या कुणाचा, म्हातारी आई, दीर किंवा आशाताईंचा. मुकादमाचाही चालतो.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर नुसता कागद पुरत नाही. लॅबकडे अर्ज करून मेणाचे ब्लॉक (ज्यांत तुमचा तुकडा बसवलेला असतो) आणि स्लाइड (त्याचे पातळ काप लावलेल्या काचा) मागून घ्या. संभाजीनगरला नेताना ते गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. हे मेण साधारण 56 ते 60 अंशांना वितळतं आणि उन्हात उभ्या बंद गाडीत काचेखाली तेवढी उष्णता सहज होते. कडक डब्यात, कापसात गुंडाळून, सीटखाली सावलीत ठेवा.